शेतातील मोबाइलची स्वच्छता : पद्धत आणि घ्यावयाची काळजी

गेल्या दहा-बारा वर्षांत स्मार्टफोन हे शेतीचे एक अवजारच होऊन बसले आहे. हवामानाचा अंदाज, बाजारभाव, पैशाची देवघेव, विहिरीवरील मोटर घरून चालू-बंद करणे ही कामे त्यावर होतात. महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी सुरू झाली आणि शेतात उभे राहून पिकाचा फोटो काढून नोंद करणे हेही मोबाइलचेच काम झाले. विळा, कोळपे, फवारणी पंप वापरून झाल्यावर धुऊन-पुसून ठेवावेत हे आपण जाणतो. मोबाइलच्या बाबतीत मात्र दोन टोके आढळून येतात. एक तर तो वर्षानुवर्षे पुसलाच जात नाही, नाहीतर पुसण्याच्या नादात निकामी होतो.

दुसऱ्या प्रकारात प्रस्तुत लेखकाचाही समावेश आहे. तीन वर्षांपूर्वी कपाशीच्या प्रक्षेत्रावरून परतताना फोनच्या चार्जिंगच्या जागेत धूळ भरली म्हणून पंक्चरच्या दुकानात कॉम्प्रेसरची हवा मारून घेतली. धूळ गेली, पण त्या दिवसापासून माझा आवाज समोरच्याला ऐकू जाईना. त्या आठवड्यात ज्या शेतकऱ्यांनी सल्ल्यासाठी फोन केले, त्यांनी 'हॅलो, हॅलो' म्हणून फोन ठेवून दिले. दुरुस्तीला जो खर्च आला त्यात चांगल्या प्रतीचे बियाणे आले असते. मोबाइल खराब होतो तो बहुधा घाणीने नव्हे, तर ती काढण्याच्या चुकीच्या पद्धतीने, ही गोष्ट तेव्हा पटली. म्हणून पुसण्याची योग्य पद्धत व ती तशी का असावी, याची माहिती या लेखात दिली आहे.

घाण ओळखून उपाय करावा

रोग ओळखल्याशिवाय औषध फवारू नये असे आपण सांगतो. तोच नियम येथे लागू पडतो. शेतातील मोबाइलवर साधारणपणे चार तऱ्हेची घाण असते आणि चारहींचा उपाय एक नाही.

पहिली म्हणजे माती व धूळ. काळ्या जमिनीतील चिकणमाती ओली असताना फुगते, चिकटते आणि वाळली की आकसून तिचे कडक पापुद्रे होतात. स्पीकरच्या जाळीत बसलेला असा पापुद्रा ओल्या कापडाने पुसल्यास पुन्हा चिखल होऊन आत सरकतो. म्हणून माती नेहमी कोरडी असतानाच झटकावी. दुसरी बाब अशी की धुळीत गारगोटीचे बारीक कण असतात. पदार्थाचे काठिण्य मोजण्याची मोह्स यांची १ ते १० अंकांची मोजपट्टी आहे. तीत गारगोटीचा अंक ७ आहे, तर मोबाइलच्या काचेवर साधारण ६ अंकाच्या पदार्थापासून पुढे चरे उमटू लागतात. धूळ न झटकता सदऱ्याच्या टोकाने किंवा टॉवेलने काच घासणे म्हणजे तिच्यावर बारीक पॉलिश पेपर फिरवण्यासारखेच आहे. खिशातून काढला की मांडीवर घासून पुसायचा, ही सवय बहुतेकांना आहे आणि बहुतेक चरे त्यातूनच पडतात.

दुसरी घाण खतांची. उघड्या राहिलेल्या गोणीतील युरियाला पाणी सुटते हे सर्वांच्या पाहण्यातले आहे. युरिया व विद्राव्य खते हवेतील ओलावा ओढून घेतात. त्यांची भुकटी चार्जिंगच्या छिद्रात गेली म्हणजे तिथे खारट ओल तयार होते. त्यात चार्जर जोडला की विजेचा प्रवाह सुरू होतो आणि आतील बारीक पट्ट्यांवरील सोन्याचा अतिशय पातळ मुलामा खाल्ला जाऊन खालचे तांबे उघडे पडते. तांब्या-पितळेच्या भांड्यावर जसा हिरवट कळंक चढतो तसा तो या पट्ट्यांवरही चढतो. बोर्डो मिश्रण फवारणाऱ्या द्राक्ष बागायतदारांनी विशेष जपावे. मिश्रणात चुना कमी पडला असता त्यात बुडवलेल्या लोखंडी पात्यावर तांबूस थर बसतो, ही परीक्षा ते नेहमी करतात. मोरचूद धातूशी काय करते ते त्यावरून समजते.

तिसऱ्या प्रकारात घाम, तेल, झाडांचा चीक व उसाचा रस येतो. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. उसाचा रस, काकवी, गूळ यांचा चिकटा पाण्याने सुटतो. अल्कोहोलने नाही, कारण साखर अल्कोहोलमध्ये नीट विरघळत नाही. गुऱ्हाळावर काम करणारे काही जण स्पिरिटने घासत बसतात व चिकटा तसाच राहतो. उलट बोटांचे तेल व निंबोळी तेलाचे डाग नुसत्या पाण्याने निघत नाहीत, त्यांना साबण किंवा अल्कोहोल लागते. केळीच्या चिकाचे काळे डाग कव्हरवर पडले की ते बहुधा कायमचेच समजावे.

चौथी घाण कीटकनाशकांची. ती सर्वांत महत्त्वाची असल्याने तिचा विचार पुढे स्वतंत्र केला आहे.

काचेवरील अदृश्य थर

नव्या फोनच्या काचेवर पाण्याचा थेंब टाकल्यास तो कोबीच्या किंवा अळूच्या पानावर राहतो तसा गोळा होऊन राहतो. कारणही मिळतेजुळते आहे. पानावर मेणाचा थर असतो, तर काचेवर तेल-पाणी न चिकटू देणारा फ्लोरिनयुक्त पदार्थाचा थर दिलेला असतो. याची जाडी इतकी कमी असते की डोळ्यांना तो दिसत नाही. बोटांचे ठसे सहज पुसले जातात ते या थरामुळे. वापराने तो हळूहळू झिजतो. आणि टूथपेस्ट, राख, भांडी घासण्याची पावडर, थिनर, पेट्रोल, रॉकेल यांनी घासल्यास फारच लवकर जातो. थेंब गोळा न होता पसरू लागला म्हणजे थर गेला असे समजावे. तो पुन्हा घरी लावता येत नाही. यावर सोपा उपाय म्हणजे फोन नवा असतानाच काचेवर टेम्पर्ड ग्लास बसवून घेणे. चरे पडतील ते तिच्यावर पडतील आणि ती थोडक्या पैशात बदलता येते.

साहित्य

फार काही लागत नाही. चष्म्यासोबत मिळते तसे मऊ मायक्रोफायबर कापड दोन नग, मऊ केसांचा नवा दातांचा ब्रश किंवा रंगकामाचा लहान ब्रश, लाकडी टूथपिक, भांड्यांचा द्रव साबण आणि शुद्ध पाणी. बोअरचे पाणी बहुतेक ठिकाणी जड असते. ठिबकच्या नळीच्या तोंडावर जसे पांढरे क्षार धरतात तसेच ते काचेवर डाग ठेवते. म्हणून बॅटरीत घालण्याचे डिस्टिल्ड वॉटर घ्यावे. घेताना बाटलीवरील चिठ्ठी वाचून घ्यावी, कारण ट्रॅक्टरच्या बॅटरीचे पाणी आणि बॅटरीचे आम्ल एकाच दुकानात, पुष्कळदा सारख्याच कॅनमध्ये मिळते. एवढ्यानेही शंका राहिल्यास गाळलेले पावसाचे पाणी किंवा उकळून गार केलेले पिण्याचे पाणी वापरावे, परंतु कॅनमधील द्रव वापरू नये.

साबणाचे द्रावण करण्यासाठी २५० मि.ली. पाण्यात द्रव साबणाचे दोन ते तीन थेंब पुरेत. फवारणीच्या द्रावणात आपण स्टिकर घालतो तोच उद्देश येथे आहे. अधिक घातल्याने अधिक स्वच्छता होत नाही, उलट चिकट थर मागे राहतो.

जंतुनाशनासाठी ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल औषधांच्या दुकानात मिळते. फोनला अल्कोहोल लावू नये असेच पूर्वी कंपन्या सांगत. मार्च २०२० मध्ये करोनाच्या साथीत ॲपल कंपनीने आपल्या सूचनेत बदल केला आणि ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने ओलसर केलेल्या कापडाने फोनचा बाहेरचा कठीण पृष्ठभाग हळुवार पुसण्यास हरकत नाही असे सांगितले. ब्लीच व हायड्रोजन पेरॉक्साइड मात्र तेव्हाही वर्ज्य होते, आजही आहेत. हातावर चोळण्याचे घट्ट सॅनिटायझर फोनला लावू नये, कारण त्यात ग्लिसरीनसारखे पदार्थ असतात व ते छिद्रांत बसतात. अल्कोहोल ज्वालाग्राही आहे. ते चुलीजवळ किंवा विडी ओढताना हाताळू नये, आणि फोन चार्जिंगला लावलेला असताना तर मुळीच नाही.

पुसण्याची पद्धत

प्रथम चार्जर काढून फोन पूर्ण बंद करावा. कव्हर काढावे. कव्हर आणि फोन यांच्या फटीत जेवढी माती निघते ती पाहून आश्चर्य वाटते. खरिपात शेतात जाणाऱ्याने निदान आठवड्यातून एकदा कव्हर काढून झटकावे.

त्यानंतर फोन उभा धरून, छिद्रे जमिनीकडे ठेवून, मऊ ब्रशने कोरडी धूळ खाली झटकावी. स्पीकरच्या जाळीवर ब्रश आडवा फिरवावा, दाबून टोचू नये. धूळ गेल्यावरच कापड हाती घ्यावे. साबणाच्या द्रावणात कापडाचे एक टोक बुडवून घट्ट पिळावे. पिळल्यावर त्यातून एकही थेंब पडता कामा नये, हीच ओलाव्याची खूण. द्रावण फोनवर कधीही शिंपडू किंवा ओतू नये, जे काही लावावयाचे ते कापडाला लावावे. काच व पाठीमागील बाजू एका दिशेने हळुवार पुसावी, छिद्रांपासून दूर सरकत जावे. लगेच शुद्ध पाण्याने ओलसर केलेल्या दुसऱ्या टोकाने साबण काढून घ्यावा आणि कोरड्या कापडाने टिपावे. घरात कोणी आजारी असेल किंवा फोन गोठ्यात, दवाखान्यात वापरला असेल तर शेवटी अल्कोहोलने ओलसर केलेले कापड एकदा फिरवावे. रोज त्याची गरज नाही. काचेवरील थर त्याने लवकर झिजतो.

कॅमेऱ्याच्या भिंगाबद्दल थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे, कारण आमचा रोजचा संबंध त्याच्याशी येतो. शेतकरी बांधव पानांचे फोटो पाठवतात व रोग कोणता ते विचारतात. त्यातील कित्येक फोटोंवर धुक्यासारखे पटल असते. करप्याच्या ठिपक्याची कड आणि अन्नद्रव्याच्या कमतरतेचा पिवळेपणा त्या पटलामुळे सारखाच दिसतो. तुडतुडे व फुलकिडे तर दिसतच नाहीत. आणखी एक फोटो मागवावा लागतो, तोही तसाच येतो आणि फवारणीचा एक दिवस जातो. दोष बहुधा कॅमेऱ्याचा नसून भिंगावरील बोटाच्या तेलाचा असतो. भिंगावरील धूळ आधी ब्रशने काढून मायक्रोफायबरचे कोरडे टोक मध्यापासून कडेकडे गोल फिरवावे. फोटो काढण्यापूर्वी एवढे केले तरी पुष्कळ फरक पडतो.

कव्हर रबरी किंवा प्लॅस्टिकचे असल्यास साबणाच्या पाण्यात बुडवून धुण्यास हरकत नाही, मात्र सावलीत पूर्ण वाळल्याखेरीज फोनवर चढवू नये. ओलसर कव्हर म्हणजे फोनला रात्रभर ओली पट्टी बांधून ठेवणेच होय.

चार्जिंगचे छिद्र आणि माइक

चार्जरची पिन पूर्ण आत जात नाही, हलवल्यावर चार्जिंग तुटते, अशी तक्रार आल्यास पुष्कळदा पिन खराब नसते. खिशातील कापसाचे तंतू व धूळ आत दाबून बसलेली असते. फोन बंद करून उजेडात पाहावे. नव्या फोनमधील टाइप-सी छिद्रात मधोमध एक पातळ जीभ असते आणि सर्व जोडण्या तिच्यावरच असतात. लाकडी टूथपिकने या जिभेला धक्का न लावता कडेकडेने तंतू हळूच ओढून काढावेत. आत ढकलू नयेत. सुई, टाचणी, तार, सिम काढण्याची पिन यांचा वापर कटाक्षाने टाळावा. बहुतेक फोनमध्ये चार्जिंगच्या छिद्राशेजारी माइकचे बारीक भोक असते. सिमची पिन चुकून त्यात घातल्याने माइक गेल्याची उदाहरणे मोबाइल दुरुस्त करणारे नेहमी सांगतात. कॉम्प्रेसरच्या हवेचा अनुभव वर सांगितलाच आहे. ती हवा फार जोराची असते, शिवाय तिच्यात पाण्याचा व तेलाचा अंश असतो.

तोंडाने फुंकर मारू नये. थुंकीचे बारीक तुषार आत जातात हे एक कारण झाले. दुसरे अधिक गंभीर आहे. तुंबलेले नोझल तोंडाने फुंकू नये असे आम्ही प्रत्येक शेतकरी मेळाव्यात सांगतो. फवारणीच्या शेतातून आलेला फोनही त्याच नियमाखाली येतो.

फवारणीच्या दिवशी

२०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी व शेतमजूर दगावले. त्यानंतर हातमोजे, मुखपट्टी, चष्मा यांविषयी बरेच बोलले गेले. खिशातील मोबाइलविषयी फारसे कोणी बोलत नाही. फवारणी चालू असताना फोन वाजतो, औषधाने ओल्या झालेल्या हाताने तो उचलला जातो, कानाला व गालाला लागतो. संध्याकाळी हातपाय धुऊन, कपडे बदलून शेतकरी घरात येतो. फोन मात्र न धुता येतो, आणि तोच लहान मूल हातात घेते, कधी तोंडातही घालते.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. सॅनिटायझरने किंवा अल्कोहोलने पुसला म्हणजे फोन निर्विष झाला असे पुष्कळांना वाटते. अल्कोहोल जंतू मारते. कीटकनाशक हा जंतू नव्हे, ते मरत नाही. ते पृष्ठभागावरून उचलून काढावे लागते. नुसते अल्कोहोल फिरवल्याने काही औषधे विरघळून सगळ्या फोनभर पसरण्याचा संभव असतो. म्हणून प्रथम साबण, नंतर पाणी, असाच क्रम ठेवावा.

सर्वांत चांगले म्हणजे फवारणीच्या वेळी फोन बांधावर, औषधाच्या डब्यांपासून दूर, सावलीत ठेवावा. जवळ ठेवणे भागच असेल तर तो झिप लावण्याच्या पातळ प्लॅस्टिक पिशवीत घालावा. अशा पिशवीतूनही बोटाने फोन चालतो आणि बोलताही येते. काम झाल्यावर पिशवी आतली बाजू बाहेर करून काढावी व पुन्हा वापरू नये.

फोनला औषध लागलेच असेल तर हातमोजे घालून, घराबाहेर, टाकाऊ कोरड्या चिंधीने प्रथम टिपून घ्यावे. कव्हर काढावे. साबणाच्या ओलसर कापडाने दोन-तीन वेळा, प्रत्येक वेळी कापडाची नवी घडी घेऊन पुसावे, त्यानंतर शुद्ध पाण्याच्या ओलसर कापडाने पुसावे. ही कापडे घरच्या कपड्यांत मिसळू नयेत, फवारणीच्या कपड्यांसोबत वेगळी धुवावीत व त्याच संचात ठेवावीत. धुण्याचे पाणी गुरांच्या हौदाजवळ किंवा विहिरीच्या काठाशी टाकू नये. ईसी म्हणजे पाण्यात दुधाळ होणारी औषधे सेंद्रिय द्रावकात केलेली असतात. डब्यातील मूळ औषध प्लॅस्टिकवर सांडल्यास प्लॅस्टिक मऊ पडते किंवा पांढरे होते. अशा कव्हरचा वास धुऊनही गेला नाही तर ते फेकून द्यावे. कापडी व चामडी कव्हरच्या बाबतीत वासाची वाटही पाहू नये, ती औषध शोषून घेतात.

वॉटरप्रूफ फोन आणि भिजलेला फोन

आयपी-६७, आयपी-६८ अशी खूण असलेला फोन नळाखाली धरून धुता येतो, असा समज आहे. या खुणेतील ६ हा अंक धुळीपासून पूर्ण संरक्षण दाखवतो. पुढील ७ चा अर्थ १ मीटर पाण्यात ३० मिनिटे, तर ८ चा अर्थ त्याहून अधिक, कंपनीने सांगितलेल्या मर्यादेपर्यंत. पण ही चाचणी नव्या फोनची, स्वच्छ पाण्यात होते. साबण, औषध, खताचे पाणी तिच्यात नसते. फोन पडला, एकदा उघडून दुरुस्त झाला किंवा जुना झाला की आतील रबरी बंध पूर्वीसारखा राहत नाही. पाण्याने झालेले नुकसान बहुधा हमीत धरत नाहीत. अनेक फोनमध्ये सिमच्या खाचेत एक पांढरी टिकली असते, ती पाणी लागले की लाल होते. दुरुस्ती केंद्रात पहिल्यांदा तीच पाहतात.

पावसात किंवा पाटात भिजलेला फोन चालू आहे का ते पाहण्यासाठी बटण दाबू नये आणि चार्जिंगला लावू नये. चालू असल्यास बंद करावा, सिमचा ट्रे काढावा, कापडाने टिपावा, चार्जिंगचे छिद्र खाली करून तळहातावर हळू आपटावा आणि पंख्याच्या हवेत किमान एक दिवस तसाच ठेवावा. तांदळाच्या डब्यात पुरून ठेवण्याचा उपाय घरोघरी सांगितला जातो, पण तांदळाचा कोंडा व बारीक कण छिद्रांत जातात. ॲपलच्या ग्राहकांसाठीच्या सूचनेत तसे करू नये असे म्हटल्याचे २०२४ साली प्रसिद्ध झाले होते. उन्हातही वाळवू नये. फोन ० ते ३५ अंश सेल्सिअस तापमानात वापरावा असे ॲपल व सॅमसंग या कंपन्या सांगतात. आपल्याकडे मे महिन्यात सावलीतच पारा चाळीसच्या वर असतो, मग पत्र्यावर ठेवलेल्या फोनची स्थिती काय होत असेल! केस वाळवण्याचे यंत्रही नको.

पाणी खताचे किंवा खारे असेल तर वाळल्यावरही क्षार आत राहतात. असा फोन चालू झाला तरी लवकरात लवकर जाणत्या कारागिराकडून उघडून आतून साफ करून घ्यावा. देण्यापूर्वी सिम व मेमरी कार्ड काढून स्वतःजवळ ठेवावे. बँकेचे ओटीपी त्या सिमवर येतात. फोन चालू असेल तर महत्त्वाचे नंबर वहीत उतरवून घ्यावेत.

पुसताना पाठीमागचे झाकण फुगलेले किंवा काच कडेने उचललेली दिसली तर तिथेच थांबावे. ती घाण नव्हे, आतील बॅटरी फुगलेली असते. झाकण दाबून बसवू नये, टोचू नये, फोन चार्ज करू नये. तो बंद करून कडबा, सरपण व मुलांपासून दूर ठेवावा आणि दुसऱ्याच दिवशी बॅटरी बदलून घ्यावी.